वाहतुकीचा दंड : शिस्त आणि महसूल

राज्यसंस्था प्रजेकडून जे द्रव्य घेते त्याचे कर आणि दंड असे दोन प्रकार फार प्राचीन काळापासून मानले गेले आहेत, आणि दोहोंचा भरणा अखेर एकाच खजिन्यात होत असला तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. शेत पिकले, बाजारपेठ भरली, मालाची ने-आण वाढली म्हणजे कराचे उत्पन्न वाढते. म्हणून कराच्या वाढीबद्दल राज्यकर्त्याने संतोष मानावा, यात गैर काही नाही. दंडाचे उत्पन्न मात्र अपराध घडला तरच येते. वाहने वाढली, अपराध टिपणारी यंत्रे आली, म्हणून ही बाब काही काळ वाढेल हे खरे. परंतु ती वर्षानुवर्षे फुगतच राहिली, तर एक तर लोक सुधारत नाहीत किंवा दंड करणाऱ्याला शिस्तीपेक्षा द्रव्याची गोडी लागली आहे, असे समजावे लागते. मोटारीच्या रस्त्यावर जो दंड आज आपल्याकडे घेतला जातो त्याचा विचार हा भेद मनात ठेवून केला पाहिजे, कारण नांदेड आणि लातूर या मराठवाड्याच्या दोन मोठ्या शहरांत या दंडाविषयी जितकी कुरकुर ऐकू येते, तितके त्याचे ज्ञान आढळत नाही.

या भागाला रस्त्यावरच्या वसुलीची ओळख जुनी आहे. निजामाच्या राज्यात मालावरील जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि बार्शीसारख्या इंग्रजी अंमलाखालील गावांकडून मुलखात शिरणाऱ्या मालाला करोडगिरीचा नाका ओलांडावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण वेशीवरचा नाका पुढे नगरपालिकांच्या जकातीच्या रूपाने राहिलाच. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही गेला. नाका आणि पावती यांची सांगड लोकांच्या मनात इतकी घट्ट बसलेली असताना चौकात हात आडवा करणारा शिपाई त्यांना नव्या नाक्यावरचा नाकेदार वाटावा, हे स्वाभाविक आहे. तो तसा नाही, किंवा तो तसा असू नये, हे समजण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे.

मोटार वाहन अधिनियम १९८८ साली झाला आणि १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यातील २०० वे कलम या सर्व विषयाचे बीज आहे. एखाद्याने सिग्नल तोडला किंवा शिरस्त्राणावाचून दुचाकी चालवली, तर तो फौजदारी स्वरूपाचा अपराध होय, आणि अपराध सिद्ध करून शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. परंतु अशा लक्षावधी किरकोळ प्रकरणांत न्यायालयाने साक्षीपुरावा घेत बसणे अशक्य असल्यामुळे, राज्य सरकारने अधिसूचनेने नेमलेल्या अधिकाऱ्यास, ठरवून दिलेली रक्कम घेऊन प्रकरण आपसात मिटवण्याची मुभा या कलमाने दिली. म्हणून चौकात भरल्या जाणाऱ्या रकमेला सरकारी दफ्तरात तडजोड शुल्क म्हणतात. ती शिक्षा नसून समझोता आहे, आणि समझोत्याला दोन्ही पक्षांची संमती लागते. ज्याला आपला अपराध मान्य नाही त्याने तडजोड नाकारून न्यायालयात जाण्याचा हक्क बजावला, तर त्याला कोणीही अडवू शकत नाही. हे साधे तत्त्व वाहनचालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

दंडाची रक्कम कोण ठरवतो, हेही पाहण्यासारखे आहे. मूळ कायद्यात साध्या अपराधाला पहिल्या वेळी १०० आणि पुढच्या वेळी ३०० रुपये अशी कमाल मर्यादा होती. तीस वर्षांत रुपयाची किंमत घटत गेली आणि ती रक्कम नाममात्र होऊन बसली. २०१९ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ५०० आणि १,५०० केली, आणि तिची दंडविषयक कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. महाराष्ट्र सरकारने वाढीव दंडाची अंमलबजावणी त्या वेळी थोपवून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्काचे नवे दर काढले. शिरस्त्राणाच्या अपराधाला केंद्रीय कायद्यात १,००० रुपये असताना राज्याने तडजोडीचा दर ५०० ठेवला. अनुज्ञप्तीवाचून म्हणजे लायसन नसताना वाहन चालवण्याला ५,००० रुपये ठरले. मद्यपान करून वाहन चालवणे हा अपराध मात्र चौकात मिटत नाही. त्याला न्यायालयातच उभे राहावे लागते, आणि ते योग्यच आहे.

आता ही प्रक्रिया प्रत्यक्ष चौकात कशी घडते ते पाहू. लातूरच्या गांधी चौकात किंवा नांदेडच्या वजिराबादेत सकाळच्या गर्दीत हवालदार रस्त्याच्या कडेला उभा असतो. त्याच्या हातात पूर्वी पावतीपुस्तक असे, आता तळहाताएवढे यंत्र असते. दूध घालून परतणारा खेडूत दोन रिकाम्या कॅनांसह मोटारसायकलीवरून येतो, डोक्यावर रुमाल असतो, शिरस्त्राण नसते. शिट्टी वाजते, गाडी कडेला लागते, ‘साहेब, जाऊ द्या की, रोजचाच माणूस आहे मी’ अशी विनवणी होते. हवालदार यंत्राने गाडीचे छायाचित्र घेतो, क्रमांक टंकतो, आणि नोंदणीच्या केंद्रीय दफ्तरातून मालकाचे नाव, विम्याची मुदत, जुन्या न भरलेल्या चलानांची यादी त्या लहानशा पडद्यावर उमटते. अपराधांच्या सूचीतून एक ओळ निवडली की रक्कम आपोआप ठरते. पैसे तिथेच भरले तर प्रकरण संपते, न भरले तर मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जातो आणि रक्कम त्या वाहनाच्या नावावर थकीत म्हणून राहते. पावतीपुस्तकाच्या काळात हवालदाराच्या मर्जीला जी जागा होती ती यंत्राने पुष्कळ आकुंचित केली. तरी विवेकाची गरज संपलेली नाही. नांदेडसारख्या, तख्त सचखंड हजूर साहिबमुळे शीख यात्रेकरूंचा सतत राबता असलेल्या शहरात हे विशेष लक्षात येते. कारण पगडी बांधलेल्या शीख माणसाला कायद्याच्या १२९ व्या कलमानेच शिरस्त्राणातून सूट दिली आहे, आणि ती सूट उघड्या डोक्याच्या दुसऱ्या कोणाला लागू नाही, हा भेद कॅमेऱ्याने नव्हे, माणसाने ओळखायचा असतो.

चौकात भरलेले ते पाचशे रुपये पुढे कोठे जातात, याविषयी लोकांत सर्वांत मोठा गैरसमज आहे. कोणी समजतो की ते वाहतूक शाखेच्या खर्चाला पडतात, कोणी म्हणतो महापालिकेला मिळतात. वस्तुस्थिती अशी की संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्य सरकारला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा झाला पाहिजे, आणि विधिमंडळाच्या मंजुरीवाचून त्यातला एक पैसाही कोणास खर्च करता येत नाही. सरकारी जमाखर्चात पोलिसांकडून येणाऱ्या जमेचे मुख्य लेखाशीर्ष ००५५ हे आहे, वाहनांवरील करांचे ००४१ हे. आणि पोलिसांवरील खर्च २०५५ या निराळ्या शीर्षाखाली दाखवला जातो. म्हणजे जमा आणि खर्च यांच्यामध्ये मुंबईचे विधानभवन उभे आहे. नांदेडच्या आयटीआय चौकात जमलेल्या दंडातून त्याच चौकातला बंद पडलेला दिवा दुरुस्त होईल, अशी कोणतीही व्यवस्था या रचनेत नाही. दिवा, पांढरा पट्टा, गाड्या उभ्या करण्याची जागा ही सर्व जबाबदारी नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेची, आणि दंड जातो राज्याच्या तिजोरीत. ज्याने रस्ता सुधारायचा त्याच्या हाती दंडाचा पैसा नाही आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याला त्या चौकाची ओळख नाही.

मग स्थानिक पोलिसांना या वसुलीत रस असण्याचे कारणच काय, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मोजमापात आहे. परिवहन खात्याच्या कार्यालयांना दर आर्थिक वर्षासाठी महसुलाचे उद्दिष्ट आखून दिले जाते; नांदेडचे एमएच-२६ आणि लातूरचे एमएच-२४ ही कार्यालये त्याला अपवाद नाहीत, आणि मार्च जवळ आला की त्यांची पथके रस्त्यावर अधिक दिसू लागतात, हे प्रत्येक मालमोटारवाल्याला माहीत असते. पोलिसांची वाहतूक शाखा हे निराळे खाते. पण तिच्या कामगिरीची जाहीर भाषाही रकमेची झाली आहे. ‘विशेष मोहीम, इतक्या वाहनधारकांवर कारवाई, इतक्या लाखांचा दंड वसूल’ असा मजकूर स्थानिक वृत्तपत्रांत वारंवार येतो. त्या मोहिमेनंतर त्या रस्त्यावरचे अपघात घटले की नाही, हे त्याच बातमीत क्वचितच वाचायला मिळते. ज्या गोष्टीचे मोजमाप होते तीच गोष्ट माणूस करीत जातो, हा कचेरीचा जुना अनुभव आहे. रक्कम मोजली की जिथे रक्कम सहज मिळते तिथे पथक उभे राहते. दिवसाढवळ्या बाजारचौकात दुचाकीस्वार मुबलक मिळतो. रात्री अकरानंतर अहमदपूर-लोह्याच्या दरम्यान दिव्यावाचून चाललेली उसाची दुहेरी ट्रॉली अडवायला मात्र अंधारात, कष्टाने आणि धोका पत्करून उभे राहावे लागते, आणि तिच्यातून पडणारी रक्कमही तुलनेने अल्पच असते.

दंडाला महसूल मानण्याचा परिणाम टोकाला गेल्यास काय होते, याचा एक बोलका दाखला अमेरिकेच्या मिसुरी राज्यात मिळतो. तेथे दंड राज्याच्या तिजोरीत न जाता बहुतांशी गावाच्याच तिजोरीत पडतो. मॅक्स क्रीक नावाच्या एका लहानशा गावाने महामार्गावरच्या वेगाच्या दंडावर आपला कारभार इतका सोपवला की १९९५ मध्ये त्या राज्याला, गावाच्या उत्पन्नातील दंडाच्या वाट्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला आणि तो त्या गावाच्याच नावाने ओळखला गेला. पुढे त्याच राज्यातील फर्गसन शहराची चौकशी केंद्राच्या न्याय खात्याने केली. तिचा अहवाल मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की त्या शहराने २०१५ च्या आर्थिक वर्षात आपल्या १ कोटी ३२ लाख ६० हजार डॉलरांच्या सर्वसाधारण निधीपैकी ३० लाख ९० हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दंड आणि न्यायालयीन शुल्कांतून येईल असे गृहीत धरले होते, आणि त्याचा भार मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय रहिवाशांवर पडत होता. ब्रिटनमध्येही २००० ते २००७ या काळात वेगमापक कॅमेऱ्यांचा खर्च त्यांच्याच दंडातून भागवण्याची योजना होती. कॅमेरा अपघातांची नोंद असलेल्या ठिकाणीच लावावा असे बंधन असूनही लोकांचा संशय मिटला नाही, आणि अखेर खर्च व दंड यांची ती गाठ सरकारने सोडवली. या दाखल्यांवरून आपल्या २६६ व्या अनुच्छेदाचे शहाणपण कळते. दंड घेणाऱ्याच्या हातात दंड राहू नये, ही तजवीज आपल्या घटनेने आधीच करून ठेवली आहे; ती मोडून स्थानिक पोलिसांना दंडाचा वाटा द्यावा, अशी सूचना अधूनमधून केली जाते, ती घातक आहे.

आपल्याकडचा रोग निराळा आहे, आणि तो थकबाकीचा आहे. ई-चलान २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत सर्व जिल्ह्यांत पोचले. पूर्वी पावती त्याच क्षणी फाटत असे आणि चालक दंड भरूनच पुढे सरकत असे. आता छायाचित्र निघते, पुष्कळदा चालकाला थांबवलेही जात नाही, आणि संदेश ज्या क्रमांकावर जातो तो क्रमांक बदललेला असतो किंवा गाडी कधीच दुसऱ्याला विकलेली असते. परिणामी राज्यातील न भरलेल्या चलानांची रक्कम हजार कोटींच्याही पुढे गेली. इटालियन विचारवंत बेक्कारिआ याने १७६४ मध्येच असे प्रतिपादले होते की अपराधाला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चिततेने आणि तत्परतेने. दीड वर्षापूर्वी कोणत्या तरी चौकात घडलेल्या चुकीचे पाचशे रुपये आज मागितले, तर त्यात शिस्तीचा भाग उरत नाही. उरते ती निव्वळ वसुली. अशा वसुलीला मग कर्जाच्या थकबाकीची कळा येते आणि तिच्यामागोमाग सवलतींचे राजकारण येते. देगलूरच्या पलीकडे सुरू होणाऱ्या तेलंगणात मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत दंडात ७५ टक्के सूट देण्यात आली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मा दंड माफ केला, आणि महाराष्ट्रात राष्ट्रीय लोकअदालतीपुढे ही प्रकरणे तडजोडीसाठी मांडण्याचा प्रघात पडला. ज्याने वेळेवर भरले त्याला पूर्ण रक्कम पडली आणि ज्याने टाळले त्याचा लाभ झाला, असे एकदा घडले की पुढच्या वेळी वेळेवर भरणाऱ्याने काय बोध घ्यावा? जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात राज्यात जो संप पुकारला तो या साचलेल्या असंतोषाचा स्फोट होता. आणि खासगी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून मागाहून चलान करण्याची रीत बंद करावी, असा हुकूम राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाला त्याच सुमारास काढावा लागला.

दंडाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्टही विचारी माणसाने नजरेआड करता कामा नये. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. या हिशेबाने शिरस्त्राणाचे पाचशे रुपये म्हणजे दीड दिवसाहून अधिक, आणि लायसनचे पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची मजुरी होते. तीच रक्कम मोंढ्यातल्या आडत्याला एका वेळच्या किरकोळ खर्चाइतकीही वाटत नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर अपराधांचा दंड अपराध्याच्या दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे उत्पन्नाची तशी नोंदच नसल्याने ती जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने २०० व्या कलमात तडजोडीच्या रकमेखेरीज समाजसेवेची अट घालण्याची मुभा राज्यांना दिली आहे, आणि श्रीमंताला जी शिक्षा पैशाने लागत नाही ती त्याचे दोन तास घेतल्याने लागेल. दंड फार मोठा झाला की आणखी एक अनर्थ ओढवतो: पाच हजारांची पावती टाळण्यासाठी पाचशेत ‘मिटवून घेण्याचा’ मोह दोन्ही बाजूंना होतो, आणि जी रक्कम राज्याच्या खजिन्यात जायची ती खिशात जाते. कौटिल्याने राजाला बजावले आहे की तीक्ष्ण दंडाने प्रजा उद्विग्न होते, मृदू दंडाने राजाचा धाक नाहीसा होतो, आणि यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो. दोनशेहून अधिक कलमांच्या आधुनिक कायद्यालाही या मर्यादेपलीकडे जाता आलेले नाही.

हे सर्व म्हणत असताना दंडाची आवश्यकताच नाही असा अर्थ कोणी काढू नये. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली होती. त्याच वर्षी शिरस्त्राण नसलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि त्यांच्या मागे बसलेल्यांचा बळी गेला. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेड यांना जोडणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून त्यावरील वेग वाढला आहे. मांजरा खोऱ्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या चालतात, आणि त्यांच्या मागे साधी लाल परावर्तक पट्टीही पुष्कळदा नसते. लातुरात शिकवणीवर्गांसाठी साऱ्या महाराष्ट्रातून मुले येतात. त्यांतली अठरा पूर्ण न झालेली कितीतरी मुले भरधाव स्कूटी चालवताना दिसतात. कौटिलीय अर्थशास्त्रात गाडी हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या धन्याला दंड करावा आणि फक्त मुलेच बसलेली गाडी राजाने ताब्यात घ्यावी, असा स्पष्ट नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले १९९-अ हे कलम अगदी त्याच न्यायाने पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाकारते. हा कठोरपणा क्रूर नाही. अपघातात दगावलेल्या मुलाच्या आईबापांना विचारले तर शिट्टी वाजवून गाडी अडवणारा हवालदार त्यांना वैरी वाटणार नाही.

मात्र दंड न्याय्य ठरायचा असेल तर नियम पाळणे शक्य असले पाहिजे. लातूरची गंजगोलाई निजामी काळात फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखली. तिची मुख्य इमारत १९१७ ची, मध्ये अंबाबाईचे देऊळ, आणि भोवती सोळा रस्ते एकत्र येतात. ही रचना बैलगाडीच्या आणि पायी गिऱ्हाइकाच्या काळात देखणी आणि सोयीची होती. आज त्याच सोळा रस्त्यांच्या तोंडाशी दुचाकी, ऑटो, हातगाड्या आणि मालाचे टेम्पो यांची दाटी होते, आणि गाडी उभी करण्यासाठी आखलेली जागा पुरेशी नसताना चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीचे चलान होते. नांदेडात २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले. पण रुंद रस्त्याचा उपयोग पट्टे, दिवे आणि पादचाऱ्यांची वाट नीट राखली तरच होतो. पुसट झालेल्या पट्ट्यापलीकडे गाडी गेली म्हणून दंड घेणे हे नाव नसलेल्या टपालाला उशीर झाला म्हणून टपालवाल्याला बोल लावण्यासारखे आहे. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये घातलेल्या १६७-अ या नियमाने, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावा आणि यंत्रांचे मान्यतापत्र दरवर्षी नवे करून घ्यावे, असे बंधन घातले आहे. त्या नियमाला जोडलेल्या शहरांच्या यादीत लातूरचे नाव आहे. यंत्राने टिपलेल्या अपराधाची सूचना पंधरा दिवसांत गेली पाहिजे आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत छायाचित्र जपून ठेवले पाहिजे, हेही त्याच दुरुस्तीत सांगितले आहे.

नागरिकाने आपले हक्क ओळखावेत, हे या लेखाचे एक प्रयोजन आहे. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार २०७ व्या कलमाने पोलिसांना दिला आहे, पण तो नोंदणी नसणे, लायसन नसणे, चालकाचे वय कमी असणे, परमिटाचे उल्लंघन अशा मोजक्या कारणांपुरता. जुनी चलाने थकली हे कारण त्या यादीत नाही, आणि गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार तर कायद्यात कोठेच नाही. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या मुदतीत घेतली पाहिजे, हा फौजदारी प्रक्रियेचा नियम पूर्वी ४६८ व्या कलमात होता आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमात आहे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच अपराध केला तर त्याला दुप्पट दंड, असे २१०-ब या कलमाने सांगितले आहे. शिरस्त्राणावाचून फिरणाऱ्या शिपायाला तो लागू होतो. हक्कांबरोबर कर्तव्येही येतात: गाडी विकली की चौदा दिवसांत हस्तांतर कळवणे आणि आपला भ्रमणध्वनी क्रमांक नोंदणीत अद्ययावत ठेवणे, एवढे केले तरी निम्म्या तक्रारी मुळातच उगवणार नाहीत.

उपाय करायचा तर तो मोजमाप बदलण्यापासून केला पाहिजे. केरळने २००७ च्या रस्ता सुरक्षा प्राधिकरण कायद्याने असे ठरवले की आदल्या वर्षी गोळा झालेल्या तडजोड शुल्काच्या निम्म्याइतकी रक्कम सरकारने रस्ता सुरक्षेच्या स्वतंत्र निधीत घालावी. दंड घेणाऱ्याच्या हाती पैसा जात नाही आणि तरी तो रस्त्याकडे परत येतो, ही त्या तजविजीची खुबी आहे. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला २१५ व्या कलमाखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. नांदेड आणि लातूरच्या त्या समित्यांमार्फत दंडाचा ठरावीक हिस्सा त्या त्या जिल्ह्यातील अपघातप्रवण वळणे, बंद दिवे आणि ट्रॉल्यांच्या परावर्तक पट्ट्या यांवर खर्च झाला, तर आपण भरलेले पाचशे रुपये कोठे गेले हे दूध घालणाऱ्या त्या खेडुतालाही दाखवता येईल. वाहतूक शाखांनी दर महिन्याला जे पत्रक काढायचे त्यात वसूल झालेल्या रकमेच्या आधी मृतांची संख्या, कोणत्या वळणावर किती अपघात झाले, आणि तेथे कोणत्या वेळी पथक उभे होते, ही माहिती छापली पाहिजे. अधिकाऱ्याची कामगिरी तिच्यावरून ठरली पाहिजे. अल्प, निश्चित आणि तत्पर असा दंड, पुराव्यानिशी आणि योग्य जागी घेतला, तर वर्षादोनवर्षांत लोक सावध होतील आणि दंडाची जमा घसरू लागेल. तेव्हा अंदाजपत्रकात ००५५ या शीर्षासमोरचा आकडा खाली आला म्हणून वित्त खात्याने खुलासा मागू नये. अपघातांचा आकडाही त्याच्याबरोबर उतरला आहे की नाही एवढेच विचारावे, आणि तो उतरला असेल तर त्या अधिकाऱ्याचा जाहीर गौरव करावा.